खोली सोडताना डिपॉझिट का कापले जाते? झीज आणि मोडतोड यांतला फरक समजून घ्या

काळी पडलेली भिंत, जळालेला प्लग पॉइंट, पुराच्या पाण्याने फुगलेला दरवाजा... यातला खर्च भाडेकरूचा कोणता आणि मालकाचा कोणता? शिरोली एमआयडीसी परिसरातल्या भाड्याच्या खोल्यांच्या निमित्ताने सविस्तर विश्लेषण.

पुणे-बंगळूरू महामार्गाला लागून असलेल्या शिरोली एमआयडीसीत शिफ्ट सुटली, की कामगारांची वाट पुलाची शिरोली, नागाव, हालोंडी, शिये या गावांकडे वळते. या गावांतल्या अनेक शेतकरी कुटुंबांनी घराच्या मागे, परड्यात किंवा रस्त्याकडेच्या तुकड्यावर खोल्या बांधल्या आहेत. कुठे चार, कुठे चौदा. त्यात स्थानिक कामगार राहतात, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे राहतात, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून फाउंड्रीत काम करायला आलेली मुले राहतात. मालकासाठी हे भाडे म्हणजे उसाच्या बिलाखेरीजचा महिन्याचा आधार आणि भाडेकरूसाठी डिपॉझिट म्हणजे गावाकडून जमवून आणलेली रक्कम.

खोली घेताना भाडे, डिपॉझिट, लाइट बिल यावर तासभर चर्चा होते. खोली सोडताना ती कशा अवस्थेत परत करायची, यावर मात्र एक वाक्यही होत नाही. मग शेवटच्या दिवशी मालक भिंतीकडे बोट दाखवतो, भाडेकरू ‘आम्ही आलो तेव्हाही असेच होते’ म्हणतो आणि डिपॉझिटमधले दोन-चार हजार कापले जातात. यात प्रत्येक वेळी मालक लबाड असतो किंवा भाडेकरू निष्काळजी असतो, असे नाही. वापरामुळे होणारी झीज आणि वापरणाऱ्याने केलेली मोडतोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करण्याची पद्धत आपण लावून घेतलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

कायदा काय म्हणतो?

हा फरक कायद्याने फार पूर्वी केला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये दिली आहेत. त्यातल्या (एम) या खंडानुसार भाडेकरूने जागा ज्या चांगल्या स्थितीत घेतली, त्याच स्थितीत परत करायची असते. पण याला दोन अपवाद आहेत. एक, वाजवी वापराने होणारी झीज. दुसरा, ज्याच्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशी शक्ती, म्हणजे पूर, वादळ, भूकंप. या दोन कारणांनी झालेला बदल भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

त्याच कलमाचा (ओ) हा खंड भाडेकरूला बांधतो. स्वतःची वस्तू असती तर शहाण्या माणसाने जशी वापरली असती, तशीच जागा वापरायची. जागेचा हेतू बदलायचा नाही, तोडफोड करायची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये तर या (ओ) खंडाचा भंग हे मालकाला जागा परत मिळण्याचे एक कारण मानले आहे. म्हणजे कायदा भाडेकरूला सवलत देतो आणि जबाबदारीही देतो.

‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल तर?

आपल्याकडे बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिल्या जातात. कायद्याच्या भाषेत हे भाडेपट्टे नव्हेत, हा वापराचा परवाना असतो. त्यामुळे वरचे कलम १०८ तिथे थेट लागू होत नाही. तिथे करारात काय लिहिले आहे, याला महत्त्व येते.

चांगल्या मसुद्यात ‘नैसर्गिक झीज वगळता जागा मूळ स्थितीत परत करावी’ असे वाक्य असते. ‘नैसर्गिक झीज वगळता’ हे तीन शब्द तुमच्या करारात आहेत का, हे सही करण्यापूर्वी पाहा. नसतील तर घालून घ्या. एजंट तयार मसुद्यात नाव आणि रक्कम बदलून देतो. त्यात हे शब्द आपोआप येतील, असे समजू नका.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलंय, बास झालं’ असे म्हणणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

उलट लेखी परवाना करारात नमूद केलेली वस्तुस्थिती हा निर्णायक पुरावा मानला जातो, असे याच कायद्याच्या कलम २४ खाली स्पष्ट केले आहे. म्हणजे खोलीत किती पंखे, किती नळ, भिंतींची अवस्था काय, हे करारातच लिहिले असेल तर जागेच्या ताब्याचा तंटा उभा राहिला तरी त्या मुद्द्यावर वेगळी साक्ष काढत बसावी लागत नाही.

झीज कोणती, मोडतोड कोणती?

एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इन्सर्टची धार ठरावीक जॉबनंतर बोथट होते, ती झीज. ऑपरेटरने चुकीचा फीड देऊन इन्सर्टचा तुकडा उडवला, ती मोडतोड. पहिल्याचा खर्च उत्पादनखर्चात आधीच धरलेला असतो. दुसऱ्याबद्दल सुपरवायझर विचारणा करतो. खोलीचेही तसेच आहे. भाडे घेणे म्हणजे झिजेचा मोबदला घेणेच होय.

प्रत्यक्ष खोलीत उभे राहून तीन प्रश्न विचारले, की बहुतेक गोष्टींचा निकाल लागतो.

१. याच खोलीत, एवढेच दिवस, दुसरा कोणीही काळजीने राहिला असता तरी हे झाले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर ती झीज.

२. हे हळूहळू झाले की एका घटनेत? हळूहळू होते ती बहुधा झीज. एका फटक्यात होते ते बहुधा नुकसान.

३. वेळेवर सांगितले असते, तर टळले असते का? भाडेकरूने सांगितलेच नाही आणि नुकसान वाढले, तर वाढलेला भाग त्याचा. सांगूनही मालकाने लक्ष दिले नाही, तर सगळा भाग मालकाचा.

पहिल्या प्रश्नातला ‘याच खोलीत’ हा शब्द महत्त्वाचा. महाबळेश्वरची भिंत, मुंबईत समुद्राकाठची खिडकी आणि शिरोलीची खोली सारख्या वेगाने खराब होत नाहीत. झिजेचे माप जागेवर ठरते.

शिरोलीतल्या खोलीत हे कसे लावायचे?

*काळी पडलेली भिंत.* फाउंड्रीत साचे तयार करताना सिलिका वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी वापरतात. त्यातली बारीक धूळ कपड्यांवर, केसांत, बुटांत बसून घरी येते. कारखान्याजवळच्या वस्तीत ती खिडकीतूनही येते. खाटेमागची, खुंटीखालची आणि दरवाजाजवळची भिंत त्यामुळे वर्षभरात काळवंडते. कोणीही राहिले तरी ती काळवंडणारच. ही झीज आहे. शिरोलीत खोली बांधून फाउंड्री कामगारालाच भाड्याने द्यायची आणि भिंत पांढरी राहावी अशी अपेक्षा ठेवायची, हे पटणारे नाही. मात्र भिंतीवर तेलकट हाताचे जाड थर, पानाच्या पिचकाऱ्या, पोरांनी पेनाने काढलेली चित्रे हे नुकसान आहे. स्वयंपाकाची भिंत कधीच न पुसल्यामुळे तेलाचा चिकट थर बसला असेल तर तो खर्चही भाडेकरूचाच.

*ओल आणि पोपडे.* स्लॅबमधून पाझर, पायातून चढणारी ओल, बाहेरच्या भिंतीला प्लॅस्टर नसल्याने आत उमटलेले डाग हे बांधकामाचे दोष आहेत. यात भाडेकरूचा संबंध नाही. पण मोरीतला नळ महिनोन्महिने गळत राहिला, मालकाला कळवलेच नाही आणि शेजारची भिंत फुगली, तर तिसरा प्रश्न लागू होतो.

*जळालेला प्लग पॉइंट.* हा वाद हमखास होतो आणि याचे उत्तर गणितात आहे. लहान प्लग पॉइंट सहा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो साधारण १,३८० वॉटपर्यंतचा भार पेलतो. पाणी तापवायचा रॉड बहुधा १,५०० वॉटचा असतो, इंडक्शन शेगडी २,००० वॉटपर्यंत जाते. ती छोट्या पॉइंटवर रोज चालवली, की तो तापून काळा पडणारच. खोलीत सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट दिलेला असताना भाडेकरूने छोट्यावर रॉड लावला असेल, तर खर्च भाडेकरूचा. पण अख्ख्या खोलीत मोठा पॉइंट एकही नसेल आणि सोलर किंवा गिझरही नसेल, तर आंघोळीचे पाणी त्याने कशावर तापवावे? तिथे दोष वायरिंगचा, म्हणजे मालकाचा.

*खिळे आणि भोके.* कॅलेंडर, देवाची तसबीर, मच्छरदाणी यांसाठी ठोकलेले चार-सहा खिळे हा राहण्याचाच भाग आहे. टाइल्समध्ये ड्रिल मारून तडा गेला, टीव्हीच्या स्टँडसाठी मोठी भोके पाडून तशीच सोडली, तर ते नुकसान.

*नळ, कडी, बिजागरी.* नळाचा वायसर जाणे, बोअरच्या पाण्याने तोटीवर पांढरा क्षार धरणे, बिजागरी सैल होणे ही झीज. तोटीच तुटली, कडी उचकटली, काच फुटली तर ते नुकसान. संडासच्या पाइपमध्ये गुटख्याच्या पुड्या, कापड, प्लॅस्टिक अडकले असेल तर साफसफाईचा खर्च भाडेकरूचा. सेप्टिक टँक भरला म्हणून तुंबले असेल तर तो खर्च मालकाचा.

*माणसांची संख्या.* करार तिघांचा आणि राहतात आठ जण, असे असेल तर ‘वाजवी वापर’ हे शब्द वापरता येत नाहीत. आठ जणांच्या वापराने फरशी, मोरी, दरवाजे लवकर झिजतात. पण मालकाला आठ जण राहतात हे माहीत असेल आणि तो माणशी भाडे घेत असेल, तर त्या वाढीव झिजेचे पैसे त्याने दर महिन्याला घेतलेलेच आहेत. तेच पुन्हा डिपॉझिटमधून घेता येणार नाहीत.

*भाडेकरूने केलेले बदल.* लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, एक्झॉस्टचे भोक असे बदल वादाचे असतात. १९९९ च्या कायद्यात ‘कायमस्वरूपी बांधकाम’ म्हणजे काय नव्हे, याची यादी दिली आहे. लाकडी पार्टिशन, उभा ओटा, हवेसाठीची खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडे या गोष्टी, जिथे परवानगी लागते तिथे ती घेऊन केल्या तर, कायमस्वरूपी बांधकामात धरल्या जात नाहीत. ‘ओमप्रकाश विरुद्ध अमर सिंग’ या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अशीच दृष्टी ठेवली होती. पाया न खणता उभारलेली, इमारतीला धक्का न लावता काढता येणारी सहा फुटी आडभिंत म्हणजे मोठा फेरबदल नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. ही दोन्ही उदाहरणे भाडेकरूला बाहेर काढण्याच्या तंट्यांसंबंधी आहेत, डिपॉझिटच्या नव्हेत. तरी त्यातला धडा उपयोगी आहे. काढता येते, आणि काढल्यावर मागे खूण उरत नाही, ते नुकसान नव्हे. खूण उरली तर ती बुजवण्याचा खर्च करणाऱ्याचा.

पुराचे पाणी आले तर?

हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वर्षी नदी धोका पातळीच्या कितीतरी वर होती. सखल भागातल्या घरांत चिखल शिरला, दरवाजे फुगले, भिंतींवर पाण्याची रेषा उमटली.

हे नुकसान भाडेकरूचे नव्हे, याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. कलम १०८ (एम) मध्ये ‘अनिवार्य शक्ती’ वगळली आहेच. शिवाय आग, वादळ, पूर यांनी जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा राहण्यास कायमचा अयोग्य झाला, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय त्याच कलमाचा (ई) खंड भाडेकरूला देतो. भाडेकरूच्या स्वतःच्या कृतीने ते घडलेले नसावे, एवढीच अट. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र ‘नैसर्गिक आपत्तीमुळे झालेले नुकसान वगळता’ हे शब्दही करारात घालून घ्यावेत. नदीकाठच्या गावात खोली घेताना ही ओळ भाड्याच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

नुकसान झालेच असेल, तर रक्कम किती?

इथे सर्वांत मोठी गफलत होते. नुकसान भाडेकरूने केले हे ठरले, की नव्या वस्तूची पूर्ण किंमत त्याच्याकडून घेतली जाते. जुने घेऊन नवे देणे ही भरपाई होत नाही. वस्तू किती जुनी होती, हे वजा करायला हवे. कारखान्याच्या ताळेबंदात मशीनचा घसारा धरतात, तसाच.

समजा, एका खोलीच्या रंगाचा खर्च १२,००० रुपये आहे आणि तो रंग साधारण चार वर्षे, म्हणजे ४८ महिने चांगला दिसतो. भाडेकरू रंग ताजा असताना आला आणि अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे ३३ महिने राहिला. जाताना भिंती पेनाने रंगवलेल्या आढळल्या. रंगाचे उरलेले आयुष्य १५ महिने. त्यामुळे भरपाई १२,००० गुणिले १५ भागिले ४८, म्हणजे ३,७५० रुपये. चारपैकी एकच भिंत खराब असेल तर साधारण त्याच्या चौथा हिस्सा. आणि रंगाला चार वर्षे आधीच उलटून गेली असतील तर भरपाई शून्य, कारण तो रंग मालकाला तसाही काढावाच लागणार होता.

रंगाचे आयुष्य चार वर्षेच का, तीन का नाही, असा प्रश्न निघेल. आकडा दोघांनी आधी ठरवावा. फाउंड्रीशेजारी तो कमी धरावा लागेल, ऑइल पेंटला जास्त. महत्त्व आकड्याला नाही, वजाबाकीला आहे.

‘रंगासाठी एक महिन्याचे भाडे’ ही प्रथा योग्य आहे का?

आमच्या मते नाही. खोली सोडताना रंगाच्या नावाखाली सरसकट एक महिन्याचे भाडे कापून घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी इतकी मुरली आहे, की भाडेकरूही ती गृहीत धरतो. पण यात भिंत बघितलीच जात नाही. सहा महिन्यांत खोली लख्ख ठेवून सोडणारा आणि तीन वर्षांत ती बरबाद करणारा, दोघांचे सारखेच पैसे कापले जातात. मग काळजी घेणाऱ्याला काळजी घेण्याचे कारण काय उरले?

करार कायदा १८७२ चे कलम ७४ इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. करारभंगासाठी दंडाची रक्कम आधी लिहून ठेवली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुकसान झालेच नसेल तर बयाणा रक्कम जप्त करता येत नाही. ते प्रकरण भूखंडाचे होते, खोलीचे नव्हे. तत्त्व मात्र तेच.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही कामांची वाटणी आहे. भिंतींचा रंग, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे, वायरिंग ही कामे मालकाकडे. नळाचे वायसर, स्विच-सॉकेटची दुरुस्ती, काचा, गटार साफ करणे ही भाडेकरूकडे. घरासाठीचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असेही त्यात म्हटले आहे. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चा कायदाच चालतो. पण दोघांनी मिळून ही वाटणी आपल्या करारात लिहायला कोणाची हरकत आहे?

मालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. शेवटच्या महिन्याचे भाडे न देता ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणून निघून जाणारे भाडेकरू आहेत. थकलेले लाइट बिल, फुटलेले बेसिन, गायब पंखा मालकाला दोन दिवसांनी समजतो, तोवर भाडेकरूचा फोन बंद असतो. दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला शोधायचे कुठे? ही भीती खरी आहे. सरसकट कपात हा त्या भीतीवरचा जुना उपाय आहे. पण तो पळून जाणाऱ्याला लागू पडत नाही. लागतो तो प्रामाणिकपणे किल्ली द्यायला आलेल्याला. म्हणून भाडेकरूंनी शेवटचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायला सांगू नये आणि मालकांनी किल्ली घेण्याआधी भाडेकरूसमोरच खोली तपासावी.

पुरावा खिशातच आहे

हा सगळा वाद ‘आधी कसे होते’ या एका प्रश्नावर अडतो आणि त्याचे उत्तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये राहू शकते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२५ पासून सुरू होणाऱ्या भाडेकरारांसाठी मालकाने सुरुवातीला घराचे फोटो काढणे बंधनकारक केले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून मालकाला भाडेकरूचे डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावे लागते आणि वाद झाला तर त्रयस्थ व्यक्ती कागद आणि फोटो बघून निर्णय देते. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. दहा मिनिटे पुरतात.

• सामान आत नेण्यापूर्वी, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून खोलीचा सलग व्हिडिओ काढा. दरवाजापासून सुरुवात करा, चारही भिंती, छत, फरशी, मोरी, संडास दाखवा.

• प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक बटण दाबून दाखवा. मीटरचे रीडिंग घ्या.

• आधीच असलेले डाग, तडे, ओल यांचे जवळून फोटो घ्या. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

• एका कागदावर यादी करा: वस्तू, संख्या, अवस्था, रंग कधी दिला. दोघांच्या सह्या घ्या आणि ती यादी कराराला जोडा.

• व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, की त्याचा दर्जा कमी होतो आणि तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. मूळ फाइल डिलीट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ फाइल असेल तर ते सोपे जाते.

• मधल्या काळात काही बिघडले, तर तोंडी सांगितल्यावर एक मेसेजही टाका. ‘मामा, मोरीचा नळ आजपासून गळतोय’ एवढे पुरे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हा मेसेजच देईल.

• सोडताना तोच व्हिडिओ त्याच क्रमाने पुन्हा काढा. कपात असेल तर कशासाठी किती, हे लिहून घ्या.

नोंदणीचा खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्या रकमेत मिळवतात. महिना ५,००० रुपये भाड्याच्या खोलीवर हे शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येते. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये असते. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. एका वादात कापल्या जाणाऱ्या रकमेपेक्षा हा खर्च बहुधा कमीच असतो.

वाद मिटलाच नाही तर?

आधी लेखी मागणी करा: कपातीचा तपशील आणि बिले द्या. मग गावातल्या कोणा जाणत्याला मध्ये घ्या. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

शिरोलीतल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत कायदेशीर मदतीचा हक्क ज्यांना आहे, त्यांत महिला, पूरग्रस्त आणि औद्योगिक कामगार यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे फाउंड्रीत काम करणारा माणूस कामगार म्हणूनच ही मदत मागू शकतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. दिवाणी दावा करायचा झाल्यास साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तेवढ्यात पुरावे हरवतात, म्हणून थांबू नका.

मग सार काय?

भिंत काळी झाली म्हणून कोणी दोषी ठरत नाही आणि डिपॉझिट मालकाच्या हातात आहे म्हणून ते त्याचे होत नाही. झिजेचा खर्च भाड्यात आलेला असतो, तो मालकाने सोसावा. मोडतोडीचा खर्च करणाऱ्याने द्यावा, पण वस्तूचे वय वजा करून. आणि यातले काय कोणते, हे शेवटच्या दिवशीच्या आवाजावर ठरू नये. पहिल्या दिवशी काढलेल्या व्हिडिओवर ठरावे. या महिन्यात खोली घेणार असाल किंवा देणार असाल, तर सामान आत जाण्याआधी मोबाइल बाहेर काढा. आधीच राहत असाल, तर आजच्या अवस्थेचा व्हिडिओ काढून समोरच्याला पाठवून ठेवा.